गुलाब चहाचं कार्ड

चहाकाकांच्या दुकानात नियम म्हणावा असा एकच होता आणि तो मोडला भोंग्यानं. तोही हसत हसत, पाच मैत्रिणींच्या देखत.

नियम असा. सुगंधी चहाचा नवा डबा आला की तो फळीवर चढायचा, पण त्याच्या गळ्यात कार्ड पडेपर्यंत त्यातली चिमूटभर पत्तीही विकायची नाही. त्या चहाचा वास कसा, चव कशी, ते कार्डावर लिहिलेलं असायचं, आणि लिहिणाऱ्यानं ते स्वतः हुंगून, स्वतः चाखूनच लिहायचं. सर्दी झालीय? कार्ड कोरं. जीभ पोळलीय? कार्ड कोरं. येताना कच्चा कांदा खाल्लाय? घरी जा, दात घास, उद्या ये. "नाक बंद तर डबा बंद," काका म्हणायचे. मग तो डबा पंधरा दिवस तसाच उपाशी बसला तरी त्यांना फिकीर नसायची.

गेलं वर्षभर ही कार्डं भोंगा लिहीत होती.

भोंगा हे नाव थोरल्या भावानं, दादानं ठेवलेलं. सोळा वर्षांची, पायाला भिंगरी आणि तोंडाला चाक. पण शाळेतल्या बाईंना हे नाव ऐकून अजून नवल वाटायचं, कारण नववीपर्यंत ही मुलगी हजेरीला 'हजर' म्हणायची ते शेजारच्या बाकावरसुद्धा पोचत नसे. तोंडाला कुलूप, आणि किल्ली कुठं टाकली ते तिचं तिलाही माहीत नाही. मग एकदा आत्याबरोबर ती चहा आणायला गेली. काकांनी सहज एक वाटी पुढे केली, "हा कसा वाटतो गं?" संत्र्याच्या सालीचा चहा होता. तिनं घोट घेतला आणि म्हणाली, "शेवटचा पेपर झाल्यावरच्या दुपारसारखा."

काकांनी कानावरचं पेन काढून तिच्या हातात दिलं. "लिही. अस्संच लिही."

आठवड्यात डबा रिकामा झाला. मग काय! आल्या-लिंबाच्या चहावर तिनं लिहिलं, 'हा तुमच्याशी भांडेल, पण तुमच्याच भल्यासाठी. माझ्या आत्यासारखा.' धुरकट चहावर लिहिलं, 'शेजाऱ्यांनी कचरा पेटवलाय, पण फार चांगल्या घरातला कचरा.' लोक दुकानात येऊन कार्डं वाचायचे, हसायचे, फोटो काढायचे आणि पुडा घेऊन जायचे. शाळेत तिला स्टेजवर बोलायला उभं केलं. ती बोलली. थांबेचना. त्याच संध्याकाळी दादानं बारसं केलं.

"पोरीला सगळ्यांनी मिळून हरभऱ्याच्या झाडावर चढवलंय," आत्या म्हणायची. "उतरायला शिडी कोण लावणार?" पण म्हणायची ते कौतुकानंच. आत्या त्यांच्याकडेच राहायची, बाहेरच्या खोलीत मशीन टाकून शाळांचे गणवेश शिवायची. तिच्या खणात पांढऱ्या दोऱ्यांची बारा रिळं होती आणि बाराही पांढरे वेगवेगळे आहेत हे ती डोळे बारीक न करता सांगायची. कार्ड लागलं की प्रत्येक नव्या चहाचा पहिला पुडा आत्याचा, हे दुकानात ठरून गेलेलं होतं. "माझ्या भाचीनं लिहिलंय म्हटल्यावर मी चव बघायची नसते," ती काकांना सांगायची. "मी नुसतं प्यायचं असतं."

तर तो शनिवार.

गुरुवारपासून भोंग्याचं नाक चोंदलेलं होतं. नुसतं चोंदलेलं नव्हे, कुणी आतून सिमेंट लावून गवंडीकाम केल्यासारखं. शुक्रवारी डब्यात वरणाला फोडणी आहे की नाही हे तिला कळलं नाही. शनिवारी सकाळी आत्यानं वाफ घ्यायला लावली, तरी भिंत हलली नाही; आत्याला मात्र तिनं 'मोकळं झालं' म्हणून सांगून टाकलं. सरळ काकांना सांगायचं होतं, या आठवड्यात कोरं. एक वाक्य. पण त्या दिवशी तिनं वर्गातल्या पाच जणींना दुकानात बोलावलं होतं, आणि त्यांत 'पहिला नंबर' होती. पहिला नंबर म्हणजे वर्गात कायम पहिली येणारी मुलगी. ती आदल्याच दिवशी सगळ्यांसमोर म्हणाली होती, "चहा चहासारखाच लागतो. ही उगाच नाकानं कांदे सोलते."

आता सांगा, अशा माणसासमोर 'माझं नाक बंद आहे' कसं म्हणायचं?

दुकान तसं लहानच. दोन्ही भिंतींना छतापर्यंत पत्र्याचे डबे, मधे अरुंद वाट, शेवटी लाकडी टेबल. टेबलावर काकांनी तीन पांढऱ्या वाट्या मांडल्या होत्या. एकीत कोरडी पत्ती, एकीत भिजलेली, एकीत गाळलेला चहा. बाजूला थुंकायचं पातेलं, कारण चाखणाऱ्यानं गिळायचं नसतं. दिवसातून दहा चहा गिळले तर झोप आणि जीभ दोन्ही जातात. काका पूर्वी गोणी आली की आधी स्वतःच तिच्यात डोकं घालायचे, कानापर्यंत. पण तीन महिन्यांपूर्वी ते तापानं दहा दिवस आजारी होते, दुकान बंद होतं, आणि उठल्यापासून ते जरा गप्प झाले होते. गोणी आली की आता म्हणायचे, "तूच बघ आधी." भोंग्याला वाटलं, आपल्याला बढती मिळाली.

"गुलाब आहे," काका म्हणाले. "नेहमीच्या माणसाकडे माल संपला. एक नवीन बाई वाळवलेल्या पाकळ्यांची पिशवी घेऊन आली होती. काल मीच मिसळल्या काळ्या पत्तीत." आणि ते बोलायचे थांबून तिच्या तोंडाकडे बघत राहिले. परीक्षेचा निकाल सांगणाऱ्याकडे बघावं तसे.

भोंग्यानं कोरडी पत्ती मुठीत घेतली, मुठीत फुंकर मारून ती उबदार केली, नाकाशी नेली. काही नाही. भिंत. गुलाबी तुकडे काळ्या पत्तीत मात्र छान दिसत होते. तिनं डोळे मिटले आणि "अहाहा!" म्हणाली.

मग चमचाभर चहा तोंडात ओढला, सुर्रर्र आवाज करत, जिभेवर घोळवला आणि पातेल्यात टाकला. जिभेच्या मागच्या बाजूला काहीतरी कडसर चिकटलं. सर्दीत सगळंच कडू लागतं, तिनं स्वतःला सांगितलं.

"मला पण," पहिला नंबर म्हणाली. काकांनी तिला चमचा दिला. तिनं चाखलं, तोंड वाकडं केलं, पातेल्यात टाकलं. "कडू आहे. आणि गुलाबाचा वास कुठे येतोय? मला तर गवताचा येतोय."

काकांनी पहिल्या नंबराकडे पाहिलंच नाही. ते भोंग्याकडे बघत होते. "तू काय म्हणतेस?" त्यांनी विचारलं, हळूच. "तिचं सोड. तू सांग."

इथं परत फिरता आलं असतं. पण भोंग्यानं कमरेवर हात ठेवले. "अगं, तुला काल कुणी सांगितलं असतं की गणितात भूमिती असते, तर तू तेसुद्धा पाठ करून आली असतीस. वास पाठ करता येत नाही, राणी!" बाकीच्या चौघी खो खो हसल्या. पहिल्या नंबराचे कान लाल झाले. आणि भोंग्यानं कार्ड ओढून झरझर लिहिलं: 'हा गुलाब लाजाळू आहे. पहिल्या घोटाला दाराआड उभा राहतो, दुसऱ्याला डोकावतो, आणि तिसऱ्याला थेट तुमच्या शेजारी येऊन बसतो. धीर धरा. प्या.'

काकांनी कार्ड दोनदा वाचलं. त्यांच्या चेहऱ्यावरचं सगळं सैल झालं. "चला," ते म्हणाले आणि कार्ड डब्याच्या गळ्यात अडकवलं. पाच वाजता आत्या येऊन पहिला पुडा घेऊन गेली.

रविवारी आत्या मोठ्ठा मग भरून तो चहा प्यायली. "जरा कडसर आहे गं," ती म्हणाली, "पण तू लिहिलंयस ना, धीर धरा. धरते." भोंगा हसली. आणि तिनं विषय बदलला. दुपारी आत्यानं दुसरा मग घेतला, संध्याकाळी तिसरा.

सोमवारी शाळेतून आल्यावर भोंग्यानं पाहिलं, तर मशीन बंद होतं आणि आत्या खणाशी उकिडवी बसून रिळं खाली-वर करत होती.

"हा दुकानदार मेला फसवायला लागला," ती पुटपुटत होती. "पांढरा दोरा मागितला तर पिवळा देतो. हे बघ. हासुद्धा पिवळा."

भोंग्यानं रीळ हातात घेतलं. पांढरंशुभ्र होतं. "आत्या, पांढराच आहे की."

"मला शिकवतेस? चाळीस वर्षं दोरे ओवतेय." आत्यानं समोरच्या भिंतीकडे बोट केलं. "आणि ती ट्यूब पण बदला. तिच्याभोवती कसलं गोल गोल दिसतंय."

दादा आतून ओरडला, "आत्या, चष्मा पूस!"

"पुसला रे बाबा दोनदा. पित्त झालंय मला. सकाळपासून उलटी होतेय. अन्नावर वासना नाही." ती उठली, मशीनला धरून एक मिनिट तशीच उभी राहिली. "तेवढा चहाच काय तो पोटात राहतो. करतेस का गं कपभर?"

भोंग्यानं केला. प्रेमानं केला, दोन चमचे पत्ती जास्तीची घालून. आत्यानं तो कॉटवर बसून संपवला, भोंग्याच्या गालावर हात फिरवला. हात गार होता, आणि त्या गार हाताचा विचार भोंगा झोपेपर्यंत करत राहिली, पण 'पित्त' या शब्दानं घरात सगळ्यांचं समाधान झालं होतं, त्यामुळे तिचंही झालं.

मंगळवारी शेवटच्या तासाला भिंत पडली. एकदम! शिंक आली, दुसरी आली, आणि सगळं जग धो धो करत आत शिरलं. खडूची भुकटी, ओले बूट, कुणाच्या तरी डब्यातला लसूण, पुस्तकाची शिळी पानं. ती इतकी खूश झाली की बाकावर हात आपटून म्हणाली, "वास येतोय!" बाईंनी तिला उभं केलं, तरी ती हसतच होती. घरी जाताना प्रत्येक दारासमोर नाक फेंदारत गेली. इथं साबण, इथं रंग, इथं कुणीतरी दूध उतू घालवलंय.

घरी आत्या झोपली होती. भोंगा सरळ स्वयंपाकघरात गेली, गुलाब चहाचा पुडा उघडला आणि नाक आत घातलं.

पत्तीचा वास आला. वाळक्या गवताचा आला. त्याच्याखाली कसलातरी हिरवट, कच्चा, कडू वास होता, मोडलेल्या फांदीच्या चिकासारखा. गुलाब नव्हता. दाराआड नव्हता, डोकावत नव्हता. त्या पुड्यात गुलाब कधी आलाच नव्हता.

पुडा उराशी धरून ती धावत सुटली.

दुकानाच्या दाराशीच जळका वास तिच्या नाकात घुसला. मागच्या खोलीत शेगडीवर पत्ती भाजायची कढई होती आणि तिच्यातून काळा धूर येत होता. त्या कढईपासून चार हातांवर चहाकाका स्टुलावर बसून शांतपणे डब्यांना चिठ्ठ्या चिकटवत होते. पाठ कढईकडे. तोंडात कसलंतरी गाणं.

"काका! जळतंय!"

ते दचकून वळले. कढई बघितली, मग तिच्याकडे. फडक्यानं धरून त्यांनी कढई उचलली. भोंगा दारातच उभी राहिली. एवढा जळका वास, दारापर्यंत आलेला, आणि ज्या माणसाला पूर्वी शेजारच्या गल्लीत कुणी कॉफी उघडली तर कळायचं, तो माणूस गाणं म्हणत होता.

"तुम्हाला वास येत नाही," ती म्हणाली.

काकांनी शेगडी बंद केली. "तापानंतर गेला. येईल, येईल म्हणत होतो. तीन महिने झाले. चव पण तशीच, गोड-खारट तेवढं कळतं." त्यांनी कढई खाली ठेवली. "चहाच्या दुकानदाराला वास येत नाही, हे लोकांना कसं सांगू? आणि मला काळजी कसली होती? तू होतीस ना."

भोंग्याचं तोंड उघडं राहिलं. आयुष्यात पहिल्यांदा त्या तोंडातून भलामोठा आवाज येण्याऐवजी जुना, नववीतला आवाज आला.

"मला सर्दी होती, काका."

"कधी?"

"शनिवारी. मी वास नव्हता घेतला. मी नुसतं लिहिलं."

काकांनी तिच्या हातातला पुडा घेतला, उघडला, सवयीनं नाकाशी नेला आणि तसाच खाली आणला. मग ते फळीकडे बघायला लागले. गुलाबाचा डबा अर्धा रिकामा होता.

"सात पुडे गेले," ते म्हणाले. "मला वाटलं होतं, वास तरी तू घेतला असशील."

त्याच वेळी दादाचा फोन आला. आत्या मशीनपाशी कोसळली होती.

दवाखान्यात आत्याच्या छातीला वायरी लावल्या होत्या आणि पडद्यावर एक रेघ सावकाश, फारच सावकाश वर उडत होती. दोन उड्यांच्या मधे एवढं अंतर की दर वेळी वाटायचं, आता नाही उडत.

"नाडी बेचाळीस आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पित्तानं असं होत नाही. गेल्या तीन दिवसांत यांनी वेगळं काय खाल्लं? एखादं औषध? पाला, मुळी, काढा?"

"काही नाही," दादा म्हणाला. "घरचंच. वर फक्त चहा."

"साधा चहा?"

दादा म्हणाला, "साधा कसला, हिनं पास केलेला!" त्याला अजूनही गंमत करून वातावरण हलकं करायचं होतं, बिचाऱ्याला. कुणी हसलं नाही. भोंग्यानं काकांकडून परत आणलेला पुडा खिशातून काढला. तिनं सगळं सांगितलं, गाळलं काहीच नाही. सर्दी, मैत्रिणी, अहाहा, कार्ड, आणि सोमवारचा तो जास्तीच्या दोन चमच्यांचा कप.

डॉक्टरीणबाईंनी बशीत पाणी घेतलं आणि पुड्यातले गुलाबी तुकडे चिमट्यानं त्यात सोडले. तुकडे भिजून हळूहळू उलगडायला लागले. बहुतेक फाटलेले होते, पण एक अख्खं निघालं. पाच पाकळ्या, खाली एकमेकींना जोडलेल्या, आणि त्यांच्या बुडाला बारीकशी नळी.

"गुलाबाची पाकळी सुटी असते," त्या म्हणाल्या. "ही सुटी होत नाही. ही कण्हेर आहे."

"मोठ्या रस्त्याच्या मधोमध लावतात ती?" दादानं विचारलं.

"तीच. हिला गुरंसुद्धा तोंड लावत नाहीत. हृदयावरच घाव घालते." त्या वळून नर्सला भराभर काहीतरी सांगायला लागल्या आणि जाता जाता भोंग्याला म्हणाल्या, "बोललीस ते बरं केलंस. मी अन्न-औषध खात्याला कळवतेच आहे. पण बाकीचा चहा कुठं आहे?"

काकांनी ते आधीच हाती घेतलं होतं. रात्री आठपर्यंत ते घरोघरी फिरले. बुधवारी सकाळी भोंगा दुकानात गेली तेव्हा टेबलावर पाच पुडे होते. दोन अजून उघडलेलेच नव्हते. एकात चिमूटभर उरलं होतं, त्या घरातल्या आजोबांनाही दवाखान्यात न्यावं लागलं होतं. सहावा पुडा आत्याचा, तो डॉक्टरीणबाईंकडे.

"सातवा?"

"एक बाई होती. पहिल्यांदाच आली होती. कार्ड मोठ्यानं वाचून हसली आणि म्हणाली, 'हे प्यायलाच हवं.'" काकांचे डोळे सुजलेले होते. "नाव नाही, गाव नाही. बरोबर प्रवासाची बॅग होती एवढं आठवतं. आत्या कशी आहे?"

"नाडी पंचेचाळीस. डॉक्टर म्हणतात, आणखी दोन दिवस काही सांगता येणार नाही." आत्यानं पहाटे डोळे उघडले होते आणि भाचीला एकच प्रश्न विचारला होता, "ते कार्ड काढलंस का?" म्हणून तर भोंगा आली होती.

तिनं जुनं कार्ड ओढून फाडलं. कोरं घेतलं, लिहिलं आणि बाहेर दारावर लावलं: 'सावधान! हा गुलाब नाही, गुलाबाचा मुखवटा घातलेला चोर आहे. याला घरात घेतलंत तर हा काळीज पळवेल.'

दहा मिनिटांत एक गृहस्थ दारात थांबले, वाचून मनापासून हसले आणि आत आले. "वा! भोंग्याचं नवं कार्ड! काळीज पळवतो म्हणे. द्या हो एक पुडा त्या चोराचा."

तिनं त्यांना समजावलं, ते खजील होऊन गेले. तिनं कार्ड काढलं. दुसरं लिहायला घेतलं तर 'काटा' हा शब्द मधे आला, तोही छान दिसत होता. फाडलं. तिसऱ्यात एक उपमा शिरली. काका कोरी कार्डं पुढे करत होते. पाचव्या वेळी तिनं लिहिलं: 'शनिवारपासून विकलेला गुलाब चहा विषारी आहे. पिऊ नका. प्यायला असाल तर लगेच दवाखान्यात जा. त्याचं कार्ड मी वास न घेता लिहिलं होतं.' खाली तिनं आपलं खरं, अख्खं नाव लिहिलं, जे त्या दुकानात फारसं कुणाला माहीत नव्हतं.

हे कार्ड वाचून कुणी हसलं नाही. माणसं थांबायची, वाचायची, गप्पपणे पुढे जायची. दुपारी एक बाई थांबल्या त्या गेल्याच नाहीत. कडीला धरून उभ्या राहिल्या.

"शनिवारी?" त्या म्हणाल्या. "माझी धाकटी बहीण आली होती माझ्याकडे. जाताना इथून काहीतरी घेऊन गेली. गुलाबच म्हणाली होती बहुतेक. परगावी एकटी राहते हो ती. गेल्याच महिन्यात घर बदललंय, नवा पत्ता अजून माझ्याकडे नाही."

"फोन लावा," काका म्हणाले. "आत्ता."

बाईंनी पर्समधून फोन काढला. नंबर लागल्यावर त्यांनी फोन भोंग्याच्या हातात कोंबला. "तूच सांग. मला सुचत नाहीये काही."

रिंग सहा वेळा वाजली. मग एक दमलेला, पण हसरा आवाज आला. "काय गं ताई?"

"ताई नाही. मी चहाच्या दुकानातून बोलतेय. ती कार्डं लिहिते ना, ती."

"अय्या! ती लाजाळू गुलाबवाली? अगं, तुझं कार्ड मी ऑफिसात सगळ्यांना पाठ म्हणून दाखवलं. दोन दिवस झाले, जरा बरं नाहीये मला, घरीच आहे. पण तुझा गुलाब घेऊनच बसलेय बघ. आत्ताच ओतला."

"कप खाली ठेवा," भोंगा म्हणाली.

"काय?"

"कप खाली ठेवा. मावशी, त्यात गुलाब नाही. वास घेऊन बघा. येतो का?"

पलीकडे श्वास आत ओढल्याचा आवाज.

"नाही गं," त्या मावशी म्हणाल्या. "पहिल्या दिवसापासूनच येत नव्हता. पण तू लिहिलं होतंस ना, धीर धरा म्हणून. मला वाटलं, माझंच नाक गेलं."

"माझं गेलं होतं," भोंगा म्हणाली. "मी न हुंगताच लिहिलं. ते विष आहे, मावशी. तुमच्या जवळ कुणी आहे? दार उघडं आहे? पत्ता सांगा मला, सावकाश सांगा, मी लिहून घेतेय."

तिनं फोन स्पीकरवर टाकून कोरं कार्ड ओढलं. काका पेन घेऊन वाकले, बाई टेबलाला धरून उभ्या राहिल्या. पत्ता यायला लागला, घराचा नंबर, मजला. मग आवाज मधेच थांबला, आणि बशीवर कप ठेवल्याचा आवाज आला की कप पडल्याचा, ते तिघांनाही कळलं नाही.

"मावशी?" भोंगा म्हणाली. मग तिचा आवाज दुकानभर, गल्लीभर गेला. "मावशी! रस्ता सांगा! रस्त्याचं नाव काय?"